'२२० वजा वय' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे

तळेगावच्या (श्यामजी पंत) रस्त्यावर पहाटे धावणाऱ्यांनो, मनगटावरचं घड्याळ लाल झालं की थांबता ना? ही लाल रेषा अनेकदा '२२० वजा वय' या सूत्रातून येते. १९७१ च्या सुमाराचं हे सूत्र म्हणजे जुन्या आकड्यांवरून काढलेला ढोबळ अंदाज. २००१ मध्ये तनाका यांनी '२०८ वजा वयाच्या ०.७ पट' सुचवलं. साठीत पहिलं १६० सांगतं, दुसरं १६६. त्यातही एकाच वयाच्या दोघांत १०-१५ ठोक्यांचा फरक सहज असतो. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना तर दोन्ही सूत्रं निरुपयोगी.

विश्रांतीच्या नाडीचंही तेच. सर्वसाधारण ६० ते १००. पण नियमित धावणाऱ्याची ४५ असू शकते, कारण त्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. काही त्रास नसेल, तर नुसत्या आकड्याला आजार म्हणू नका.

मात्र धावताना छातीत दुखलं, भोवळ आली, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर घड्याळ हिरवं असलं तरी धावणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढा. घड्याळ ठोके मोजतं, दुखणं तुम्हालाच कळतं.