आधी निदान, मग खर्च



शुल्काची पावती, सुट्टीची सूचना, परीक्षेचा निकाल, हे सर्व निरोप आता शाळेतून संगणकामार्फत पालकांच्या मोबाइलवर जातात. एप्रिल २०२५ मध्ये निकालाच्या दिवशी सकाळचे निरोप अनेक घरी रात्री पोचले. मध्येच यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली गेली, त्यात काही निरोप पोचलेच नाहीत. आता मोठा सर्व्हर घ्यावा, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. आमच्या मते ही घाई आहे.

निरोप तयार करणारा प्रोग्राम आणि पोचवणारा प्रोग्राम यांच्यामध्ये मेसेज ब्रोकर असतो. आपल्याकडे तो रॅबिटएमक्यू नावाचा आहे. त्याचे काम टपाल कार्यालयासारखे : आलेला निरोप रांगेत ठेवायचा, पोचवणाऱ्याला द्यायचा आणि त्याच्याकडून पोच मिळाली की नोंद काढून टाकायची.

आवक जास्त व जावक कमी झाली की रांग वाढते, मेमरी भरते. ठरलेली मर्यादा ओलांडली की रॅबिटएमक्यू नवे निरोप घेणे थांबवतो, रांगेतले वाटप मात्र चालू ठेवतो. ही मर्यादा मुळात जुन्या आवृत्त्यांत ४० टक्के होती, नव्या ४.० पासून ६० टक्के आहे. लोक यालाच बिघाड समजतात. वास्तविक हे आत्मरक्षण आहे. ताप हा रोग नव्हे, रोगाची खूण होय.

रोग शोधायला दोन आकडे पाहावे. ‘रेडी’ म्हणजे रांगेत थांबलेले निरोप. ते वाढत असतील तर पोचवणारे प्रोग्राम किती जोडलेले आहेत ते तपासावे. कदाचित एकही नसेल. ‘अनॲक्ड’ म्हणजे उचललेले, पण पोच न दिलेले. ते फुगले तर पोचवणारा अडकला आहे, बहुधा बाहेरची एसएमएस सेवा मंद आहे. त्याने एका वेळी किती निरोप उचलावे, यावर ‘प्रीफेच’ची मर्यादा घालावी. एखादा सदोष निरोप वारंवार रांगेत परतत असेल, तर तो वेगळ्या ‘डेड लेटर’ रांगेत काढावा.

मोठा सर्व्हर यांपैकी एकही कारण दूर करीत नाही. रांग अधिक लांब होते आणि तुंबण्याची वेळ पुढे जाते, एवढेच. रांग पुसून टाकणे तर त्याहून वाईट. त्यात कुणाची तरी पावती जाते. यंत्रणा पुन्हा सुरू केली तरी टिकाऊ म्हणून न नोंदलेले निरोप नाहीसे होतात.

तपासाअंती यंत्रच अपुरे ठरले, तर खर्चाला आमचा पाठिंबा राहील. तोपर्यंत विश्वस्त मंडळाने पुरवठादाराकडून हे आकडे लेखी मागवावे, अशी आमची विनंती आहे. संगणक विषयाच्या मोठ्या विद्यार्थ्यांनीही ते वाचावे. पैसा पालकांच्या शुल्कातूनच येतो, तेव्हा त्यांना उत्तर मिळायला हवे.