पैसे आधी की माल आधी?

जग आता एक खेडं झालंय असं आपण प्रत्येक गॅदरिंगच्या भाषणात ऐकतो. मलाही ते खरं वाटायचं. पण खेड्यात उधारी बुडवणाऱ्याच्या दारात जाऊन बसता येतं. चीनच्या शेन्झेनमध्ये कोणाच्या दारात जाऊन बसणार? हा प्रश्न मला सोळा हजार रुपये गेल्यावर पडला, त्याआधी नाही.

(सुरुवातीलाच सांगते, मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका संपादकांनी सुधारल्या असतीलच, राहिल्या असतील तर पोटात घाला.)

झालं असं. आम्हा चौघींना प्रोजेक्टसाठी एक सेन्सर आणि काही मोटर ड्रायव्हर हवे होते. इथल्यापेक्षा शेन्झेनचा एक सप्लायर निम्म्या भावात द्यायला तयार होता. आठवडाभर मेल चालले. माणूस सज्जन, शंकांना नीट उत्तरं देणारा. बिल आलं १८६ डॉलरचं. पैसे बँकेतून टी.टी.ने, म्हणजे थेट त्याच्या खात्यावर पाठवायचे ठरले. आणि अगदी शेवटच्या दिवशी मेल आला की आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, कृपया या दुसऱ्या खात्यावर पाठवा. आम्ही पाठवले. माझ्या वडिलांच्या खात्यातून, बँकेत जाऊन, फॉर्म भरून, वर बँकेचा चार्ज देऊन!

दहा दिवसांनी त्या सज्जन माणसाचा मेल आला : पैसे कधी पाठवताय?

मग आम्ही जुने मेल उघडून बघितले. शेवटच्या मेलच्या पत्त्यात एक अक्षर वेगळं होतं. कंपनी चीनची, खातं तिसऱ्याच देशातलं, तेही कोणा एका माणसाच्या नावावर. कोणीतरी आमचे मेल वाचत बसलं होतं आणि बरोबर वेळेवर मध्ये घुसलं. १९३० वर फोन केला, बँकेनंही पैसे परत मागवायचा प्रयत्न केला, पण तोवर ते खातं रिकामं झालं होतं. माणशी चार हजार. मेसचं बिल भरताना कोणाकोणाच्या घरी काय काय बोलणी खाल्ली ते इथे लिहीत नाही.

यातून मला जी गोष्ट कळली ती आपण सगळे उलटी समजतो. आपण विचारतो, 'सप्लायर चांगला आहे का?' आमचा सप्लायर चांगलाच होता. वाईट होता तो पैसे पाठवायचा रस्ता. टी.टी. म्हणजे सुटलेला बाण. बँकेच्या दृष्टीने तुम्ही स्वतः सही करून पाठवलेले पैसे आहेत, आणि एकदा समोरच्याने उचलले की त्याच्या संमतीशिवाय परत येणं जवळपास अशक्य. मोठ्या कंपन्या टी.टी.च वापरतात हे खरं. ३० टक्के आधी आणि ७० टक्के माल निघण्यापूर्वी, अशी चीनमधली सर्वसाधारण पद्धत आहे. पण त्यांचा माणूस तिथे जाऊन माल बघतो. आपला माणूस जास्तीत जास्त लातूरपर्यंत जातो.

आपल्या बीड जिल्ह्याला आगाऊ पैशाचा व्यवहार काही नवा नाही. ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याआधी मुकादम कोयत्याला उचल देतो, ते काय आहे? पण तिथे उचल देणारा वरचढ असतो, घेणारं जोडपं ती फिटेपर्यंत बांधलेलं असतं. (ते बरोबर की चूक हा वेगळा लेख होईल.) आपल्या ऑर्डरमध्ये मात्र उचल दिल्याक्षणी देणाराच अडकतो!

जुन्या लोकांनी हे ओळखलं होतं. आमच्या सरांनी हुंडीचे प्रकार सांगितले तेव्हा मी थक्क झाले. 'शाहजोग' हुंडीचे पैसे कोणालाही मिळत नसत, बाजारात पत असलेल्या सावकारालाच मिळत. आणि 'जोखमी' हुंडीत तर माल सुखरूप पोचला तरच पैसे. नाही पोचला तर हुंडी फुकट. म्हणजे आज ज्याला एस्क्रो म्हणून मिरवतात त्याच्या जवळची कल्पना आपल्याकडे होतीच की!

पुस्तकात विचाराल तर सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट. परीक्षेत लिहायला छान. पण १८६ डॉलरसाठी एल.सी. उघडणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय बँक कागद तपासते, खोका उघडून बघत नाही.

मग उरतं काय? माझ्या मते छोट्या ऑर्डरसाठी कार्ड, आणि तेही मध्ये कोणीतरी पैसे धरून ठेवणारा असेल तरच. कार्डावर माल आलाच नाही तर बँकेकडे चार्जबॅक मागता येतो. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातली सेवा बंद केली, पण परदेशी पेमेंट चालू ठेवलं, आणि तिथे तक्रारीला १८० दिवस मिळतात. अलीबाबासारख्या बाजारात त्यांच्याच पेमेंटमधून पैसे द्या. विक्रेता 'बाहेरून द्या, डिस्काउंट देतो' म्हणाला की तिथेच थांबा. डिस्काउंट कशाचा असतो, तर तुमच्या संरक्षणाचा.

नुसत्या बिल्ल्यावर मात्र जाऊ नका. फेब्रुवारी २०११ मध्ये अलीबाबानेच कबूल केलं होतं की २००९ आणि २०१० मध्ये त्यांच्या २३०० हून जास्त 'गोल्ड सप्लायर'नी ग्राहकांना फसवलं. सीईओ डेव्हिड वेई यांना राजीनामा द्यावा लागला. आणि गंमत बघा, सरासरी तक्रार १२०० डॉलरपेक्षाही कमी रकमेची होती. म्हणजे चोरांना छोटेच गिऱ्हाईक आवडतात. आपणच!

कार्डाचे पण नखरे आहेत. २०२० पासून नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, ते ॲपमधून चालू करावे लागतात. काम झालं की लगेच बंद करा, कारण बऱ्याच परदेशी साइट ओटीपी न विचारताच पैसे कापतात. वर बँकेचं चलन बदलण्याचं कमिशन, त्यावर जीएसटी, आणि माल आला की कुरिअरवाला केवायसी आणि कस्टम्सचे पैसे मागणार. हे सगळं धरून हिशोब केला तर निम्मा भाव निम्मा राहत नाही. आम्ही शेवटी तेच पार्ट पुण्याच्या दुकानातून दीडपट भावात घेतले. दुकानदाराशी फोनवर भांडता तरी आलं, आणि मराठीत!

म्हणून माझं मत असं की एक-दोन नग हवे असतील तर पुणे-मुंबईच बरी. जास्त हवे असतील तर प्रत्येक ग्रुपने वेगळं मरण्यापेक्षा कॉलेजने महिन्यातून एकदा सगळ्यांची यादी एकत्र करून एकच ऑर्डर द्यावी. कॉलेजचं खातं, कॉलेजचा पत्ता, आणि खाते नंबर बदलल्याचा मेल आला तर सरळ फोन करून खात्री करणारा एक जबाबदार माणूस. काही सर म्हणतात, विद्यार्थ्यांनी स्वतः अनुभव घ्यावा. सर, आम्ही घेतलाय. पावती आहे.

यासाठी एचओडी सरांच्या नावे अर्ज लिहून ठेवलाय. लेडीज होस्टेलच्या मेसच्या बोर्डाशेजारी अडकवलाय, बॉईज होस्टेलची प्रत रेक्टर सरांकडे आहे. आजपर्यंत एकतीस सह्या झाल्यात. पेन सोबत आणा, दोरीचं पेन कोणीतरी नेलंय.