आधी कान, मग कॅमेरा

हिमालयात ओढ्याकाठच्या नेच्यांमध्ये कपविंग नावाचा पक्षी राहतो. जेमतेम ९-१० सेंटिमीटरचा, जवळजवळ बिनशेपटीचा, उंदरासारखा जमिनीलगत पळणारा. त्याच्या अंगावरच्या खवल्यांसारख्या नक्षीचे फोटो पाठवून लोक मला जात विचारतात. पण नेपाळ कपविंग आणि खवलेदार छातीचा कपविंग नुसत्या फोटोवरून वेगळे काढणं फार अवघड. दोघांतही पांढुरकं आणि पिवळसर अशी दोन रूपं! नेपाळ कपविंगला स्वतंत्र जात म्हणून १९९१ मध्ये नाव मिळालं, त्यातही त्याच्या गाण्याचा वाटा मोठा. म्हणून माझा आग्रह आहे, मोबाइलवर आवाज टिपा. मात्र स्पीकरवर गाणं वाजवून त्याला उघड्यावर खेचू नका, विणीच्या दिवसांत तर नाहीच. आवाज मिळालाच नाही, तर वहीत फक्त ‘कपविंग’ लिहा. तेवढी नोंद पुरेशी आहे.