‘कम्पाइल’ गेलं कुठे?

रविवारी अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर पाय ठेवायला जागा नसते. तानसेच्या काठी ही धमाल सुरू असताना माझा तिथला मित्र मात्र मोबाइलचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉपसमोर बसला होता. फायनल इयरचं अँड्रॉइड अ‍ॅप, सोमवारी सबमिशन आणि स्क्रीनवर लाल एरर : ‘कुड नॉट फाइंड मेथड कम्पाइल’. फाइल सीनिअरच्या जुन्या प्रोजेक्टमधून उचललेली. त्याच्याकडे चालली, याच्याकडे नाही.

मी मास कॉमची, कोडमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण हे प्रकरण कोडपेक्षा लिखाणाचं निघालं. ग्रेडल हे ओपन सोर्स बिल्ड टूल. आपला कोड आणि बाहेरून आणलेल्या लायब्ररी जुळवून चालणारं अ‍ॅप तयार करणं हे त्याचं काम. त्याच्या २०२१ मधल्या ७.० आवृत्तीत ‘कम्पाइल’ हा शब्द काढून टाकला. बहुतेक ठिकाणी आता ‘इम्प्लिमेंटेशन’ लिहायचं. बस्स, एवढंच! ग्रेडलच्या अपग्रेड गाइडमध्ये हे स्वच्छ लिहिलंय. पण आपण काही अपग्रेड केलंय हेच ज्याच्या गावी नाही, तो ते गाइड उघडेल कशाला? तो एररमधला शब्दच शोधणार.

शब्दकोशात जुना शब्द असा गायब होत नाही, त्याच्यापुढे ‘पाहा’ लिहून नव्या शब्दाकडे पाठवतात. रेफरन्समध्येही हे हवं : जुनं नाव, कधी गेलं, आता काय लिहायचं आणि चालणारं दोन ओळींचं उदाहरण.

दुखणं जुनंच आहे. १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ बनवलं. त्यात कमांडच्या ओळीआधी टॅब लागतो, स्पेस चालत नाही. दिसायला दोन्ही सारखेच! किती जणांच्या रात्री त्यात गेल्या असतील देव जाणे. पण टॅबच्या जागी आठ स्पेस दिसल्या, तर ग्नू मेक एररमध्येच विचारतं, टॅब द्यायचा होता का? मला हे मॅन्युअलच्या दहा पानांपेक्षा भारी वाटतं.

गिटहबच्या २०१७ च्या ओपन सोर्स सर्वेक्षणात ९३ टक्के लोकांनी अर्धवट किंवा जुनाट डॉक्युमेंटेशनची अडचण सांगितली. आणि कोड देणाऱ्यांपैकी ६० टक्के म्हणाले, डॉक्युमेंटेशनला आम्ही क्वचितच हात लावतो किंवा लावतच नाही. साहजिक आहे. ज्याला टूल पाठ आहे, त्याला कुठे अडतं ते दिसत नाही. ते दिसतं नवख्याला, म्हणजे आपल्याला.

पण आपण काय केलं? २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये चार पुल रिक्वेस्टवर टी-शर्ट होता. जगभरातून रीडमी फाइलमध्ये ‘ऑसम प्रोजेक्ट’सारख्या ओळी घुसवणाऱ्या रिक्वेस्टचा पाऊस पडला. आपल्याकडची मुलंही त्यात होती. शेवटी आयोजकांना स्पर्धा चालू असतानाच नियम बदलावा लागला : ज्या प्रोजेक्टला यायचंय, त्याने स्वतः तसं सांगायचं. फुकट काम करणाऱ्या मेंटेनरचे दिवस ती घाण उपसण्यात गेले.

मग रेफरन्स मराठीत आणायचा का? आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतून शिकता येतं, आणि सुरुवातीला ते हात धरून चालवतं. रेफरन्सचं वेगळं आहे. आवृत्ती बदलली की भाषांतर शिळं होतं, आणि शिळा रेफरन्स नसलेल्यापेक्षा वाईट. माझ्या मते आधी मूळ पानच सोप्या इंग्रजीत, उदाहरणासकट नीट व्हावं.

मित्राचं अ‍ॅप रात्री अकराला एकदाचं बिल्ड झालं. ‘कम्पाइल’ शोधणाऱ्यासाठी त्याने तीन ओळी लिहून ठेवल्यात, पण अजून पाठवलेल्या नाहीत. आधी जुन्या आणि नव्या, दोन्ही आवृत्त्यांवर उदाहरण चालवून बघायचंय म्हणतो. जुनी आवृत्ती डाउनलोड होतेय, हॉटस्पॉटवर.