स्वस्त घराची दुसरी किंमत

गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरीं बरेच दिवस एकच विषय चालला होता, आणि आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरींहि तो चालत असेल अशी आमची समजूत आहे. आमचा पुतण्या गिरगांवांतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाला कंटाळला होता. जिना लांकडी, नळ समाईक, आणि तिसऱ्या मजल्यावर वृद्ध आई. मुंबईंत घर घेण्याचें नांव काढण्याची सोय राहिलेली नाहीं. तेव्हां बदलापूरला जागा पाहावी असें त्यानें ठरविलें, आणि 'काका, तुम्ही बरोबर चला,' म्हणून आम्हांसहि नेलें. वहिनी आणि सूनबाई होत्याच. त्या एका फेरींत आम्ही जें शिकलों, तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आगगाडीच्या मागोमाग बिऱ्हाड हलविण्याची मुंबईकरांची रीत आजची नव्हे. १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें अशी गाडी सुरू झाली व दुसऱ्याच वर्षीं ती कल्याणास पोंचली. पुढें गिरगांवांतलीं कुटुंबें दादरला गेलीं, दादरचीं डोंबिवलीला. आणि आतां डोंबिवलींतहि ज्यांना परवडत नाहीं तीं बदलापूर-वांगणीकडे चाललीं आहेत. पूर्वीं या वाटेनें जाणारे स्वार येथें घोडे बदलीत, म्हणून गांवाचें नांव बदलापूर पडलें अशी आख्यायिका आहे. २००१ च्या शिरगणतींत येथील वस्ती लाखाच्या आंत होती. २०११ सालीं ती पावणेदोन लाखांच्या जवळ गेली. घोडे गेले, आणि माणसें बिऱ्हाडें बदलून येथें येऊं लागलीं.

येण्यासारखें येथें पुष्कळ आहे. सकाळीं खिडकी उघडली कीं चंदेरीचा डोंगर दिसतो, हवा मोकळी आहे, शेजार आपल्या भाषेचा आहे, आणि मुंबईंत एका खोलीला जें मोल पडेल त्यांत येथें आख्खें घर होतें. परंतु किंमत दोन प्रकारची असते. एक विक्रेत्याला एकदां द्यावयाची, आणि दुसरी रोज द्यावयाची. ही दुसरी किंमत कोणत्याच पत्रकांत छापलेली नसते.

तिचा हिशेब सोपा आहे. छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर सुमारें ६८ किलोमीटर. गाडींत दीड तास, आणि दोन्हीं टोंकांचें चालणें व वाट पाहणें मिळून एका खेपेस दोन तास धरावे. दिवसाचे चार, पंचवीस दिवसांचे शंभर, वर्षाचे बाराशें. म्हणजे पन्नास अहोरात्र! कर्जत-खोपोलीकडून येणाऱ्या गाड्या सकाळीं भरूनच येतात, तेव्हां यांतील पुष्कळसे तास उभ्यानेंच जावयाचे.

आणि हे तास एकट्या मिळवत्याचेच जातात असेंहि नाहीं. तो साडेसहाला निघणार म्हणून डबा करणारी पांचाला उठते. तो रात्रीं नऊला परतणार म्हणून मूल त्याची वाट पाहून झोंपीं जातें. एवढें होऊन त्या घरांत दिवसभर राहणारा तो नव्हेच. दिवसभर राहतात ती त्याची बायको, त्याची आई आणि शाळेंतून परतलेलीं मुलें. तरी घर पाहावयास तो जातो, भाव तो करतो, पसंति तो देतो, आणि बाकीच्यांस वास्तुशांतीच्या दिवशीं बोलावणें येतें. आमच्या मतें पुष्कळ घरें येथेंच चुकतात.

आमचेंहि थोडक्यांत चुकत होतें. पश्चिमेस उल्हास नदीच्या बाजूला आम्हीं पहिली जागा पाहिली. तळमजला, तीन प्रशस्त खोल्या, मागें फुलझाडांना जागा. आणि मोल इतर जागांहून पुष्कळ कमी. पुतण्या हरखून गेला. जिना नाहीं म्हणून वहिनींनाहि जागा आवडली. 'इकडे पाणी कधींच येत नाहीं,' असें दलालानें विचारल्यावांचूनच सांगितलें. आम्हांस शंका आली ती त्यामुळेंच.

शेजारच्या घरीं आम्हीं प्यावयास पाणी मागितलें. तेथील आजीबाईंनीं गूळ-पाणी दिलें आणि न बोलतां भिंतीकडे बोट केलें. खिडकीच्या वर पुसट तांबूस रेघ होती. ती २६ जुलै २००५ ची. खालची दुसरी २७ जुलै २०१९ ची. त्याच दिवशीं बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकली होती आणि हजारावर उतारूंना सोडवून आणावें लागलें होतें. 'धान्याचा डबा माळ्यावर ठेवायची संवय लागली आहे,' आजीबाई म्हणाल्या.

नदीकांठीं सरकारनें पूररेषा आंखलेल्या असतात. निळी रेषा सरासरीनें पंचवीस वर्षांत एकदां येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदां येणाऱ्या पुराची. परंतु सरासरीला पंचांग कळत नाहीं. त्या भिंतीवर चौदा वर्षांत दोन रेघा उमटल्या होत्या. नगरपरिषदेंत जाऊन नकाशा पाहावाच, पण शेजाऱ्याची भिंत आधीं पाहावी.

परततांना गाडींत सारे गप्प होते. मग वहिनी मुलाला म्हणाल्या, "अरे, पाण्याचें राहूं दे. एखाद्या रात्रीं माझ्या छातींत कळ आली आणि तूं अजून ठाण्याच्या अलीकडेच असलास, तर सूनबाईनें हांक कोणाला मारायची?" पुतण्याजवळ उत्तर नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर आमच्याजवळहि नव्हतें. तीन खोल्या, बाग, भाव, या सर्वांचा विचार आम्हीं केला होता. हा केला नव्हता.

त्या प्रश्नापासून घराचा शोध नव्यानें सुरू झाला. आधीं विकत न घेतां अकरा महिन्यांच्या करारानें बदलापुरांतच जागा भाड्यानें घ्यावी आणि एक पावसाळा काढावा, असें ठरलें. या चार महिन्यांत सूनबाईंनीं जें जाणलें तें कोणी दलाल सांगता ना. जवळ बारवीचें धरण आहे म्हणून नळाला पाणी वेळेवर येतेंच असें नाहीं. कोणत्या आळींत किती वाजतां येतें तें शेजारणींनाच ठाऊक. रात्रीं दार उघडणारा डॉक्टर कोठें, पावसांत रिक्षा कोठपर्यंत येते, मुलांना शाळेला जातांना रूळ ओलांडावे लागतात कीं काय, हेंहि तेव्हांच कळलें.

कागदपत्रांविषयीं थोडें सांगतों. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक व फेरफार पाहावेत. जमीन बिनशेती आहे ना, हें तपासावें. मालकीचा तीस वर्षांचा शोध आपल्या वकिलाकडून करवावा, विक्रेत्याच्या नव्हे. नवी इमारत असल्यास महारेराचा नोंदणी क्रमांक मागावा. १ मे २०१७ पासून हा कायदा पूर्णपणें अंमलांत आहे. त्याप्रमाणें करार नोंदविल्यावांचून किंमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम बांधणारास घेतां येत नाहीं, आणि ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामांत दोष निघाल्यास तो त्यानेंच दुरुस्त करून द्यावयाचा असतो. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तेथें राहावयास जाऊं नये. 'गुंठ्या'च्या जाहिरातींना भुलूं नये. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट खरा, पण शेतजमीन शेतकरी नसलेल्यास परवानगीवांचून घेतां येत नाहीं.

यंदाच्या दसऱ्याला पुतण्यानें घर घेतलें. पूर्वेस, उंच भागांत, दुसऱ्या मजल्यावर. उद्वाहक आहे, स्थानक दहा मिनिटांवर, दवाखाना समोरच्या गल्लींत. नदीकांठच्या घराहून एक खोली कमी आणि मोल अधिक. घर सूनबाईंच्या एकट्या नांवावर केलें. स्त्रीच्या नांवें घर घेतल्यास मुद्रांक शुल्कांत १ टक्क्याची सवलत २०२१ पासून आहे, हें एक कारण; जी दिवसभर तेथें राहणार तिचेंच नांव दारावर असावें, हें दुसरें.

वहिनींनीं गॅलरींत तुळस ठेवली. शेजारच्या बिऱ्हाडाची आणि त्यांची दोन दिवसांत ओळख झाली. परवां आम्ही गेलों तेव्हां पुतण्या अजून गाडींतच होता. वहिनींनीं भिंतीवर दोनदां टकटक केली; पलीकडून लगेच, "आलें हं, काकू!" असें उत्तर आलें. मग आमच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "भावजी, त्या मोठ्या घराला ही भिंत नव्हती."