आटे गेले ना राव!

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये पेपर अंथरला आणि बाबांच्या बाईकचं ऑइल स्वतःच बदलायला बसलो. फंडा सोपा. इंजिन जरा गरम करायचं, ऑइल पातळ झालं की खालचा बोल्ट काढून निथळू द्यायचं, बोल्ट परत लावायचा. इथेच माती खाल्ली! गळू नये म्हणून लांब पान्याने जोर काढला. ‘कच्’ झालं आणि बोल्ट नुसताच फिरायला लागला. बोल्ट स्टीलचा, इंजिनचं आवरण ॲल्युमिनियमचं. मऊ धातूचेच आटे आधी जाणार.

गाडीबरोबरच्या पुस्तिकेत ऑइल किती घालायचं ते होतं, बोल्ट किती आवळायचा ते नव्हतं. मग एका मित्राचं जाडजूड वर्कशॉप मॅन्युअल आणलं. त्यात प्रत्येक बोल्टचा वेगळा आकडा, न्यूटन-मीटरमध्ये. शिवाय दर वेळी वॉशर नवा घाला, अशी सूचना. म्हणजे गळती वॉशर थांबवतो, माझे दंड नव्हेत!

नवे आटे पाडणाऱ्या मेकॅनिककाकांना ते पान दाखवलं. ‘आमचं मनगटच सांगतं,’ म्हणाले. तुमचं सांगत असेल काका, माझं नाही. मी टॉर्क रेंच घेतोय. नवा वॉशर नाना पेठेतून आणून ठेवलाय.

बाबा सोमवारी बसने ऑफिसला गेले. अजून काही बोललेले नाहीत.