पायपुसणे कुणी झाडायचे?

बँकेत, दवाखान्यात किंवा चादरींच्या एखाद्या मोठ्या दुकानात शिरताना तुमचा पाय प्रथम पडतो तो पायपुसण्यावर. त्याकडे तुमचे लक्ष सहसा जात नाही. तसे मालकाचेही जात नाही. इमारतीच्या दर्शनी भागावर लाखो रुपये खर्च करणारी मंडळी दारात काथ्याचा एक तुकडा टाकतात आणि त्याचा भुगा होईपर्यंत तो तिथेच ठेवतात. माझे स्पष्ट मत असे, की न झाडलेले पायपुसणे असण्यापेक्षा ते नसलेले बरे. हे विधान तुम्हाला धाडसाचे वाटेल. म्हणून आधी आपल्या धुळीची ओळख करून घेऊ.

सोलापूर दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसले आहे. हा खडक झिजून आपली काळी माती झाली. तिच्यात फेल्डस्पारसारख्या खनिजांचे कण असतात आणि बांधकामाच्या वाळूतून गारगोटीचे कणही रस्त्यावर येतात. १८१२ साली फ्रीडरिख मोस या शास्त्रज्ञाने खनिजांच्या काठिण्याची १ ते १० अशी श्रेणी सुचवली. तिच्यात हिरा १०, गारगोटी ७ आणि फेल्डस्पार ६ वर आहे. आणि आपली फरशी? शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येणारी शहाबादी फरशी हा चुनखडक. त्यातील मुख्य खनिज कॅल्साइट, त्याचे काठिण्य ३. मोझाइकमधल्या संगमरवरी खड्यांचेही तेच. (ही श्रेणी फक्त क्रम सांगते, ६ म्हणजे ३ च्या दुप्पट असे मात्र समजू नका!) तेव्हा बुटाच्या तळाला चिकटलेला कण फरशीवर काचकागदासारखे काम करतो. जुन्या कचेऱ्यांच्या दाराशी फरशीवर निस्तेज, किंचित खोलगट पट्टा पडलेला दिसतो, तो याच कणांचा प्रताप. नव्या इमारतींतील ग्रॅनाइट सहजी झिजत नाही हे खरे. पण पावसाळ्यात आपली काळी माती पाणी शोषून फुगते, तिचा बुळबुळीत थर गुळगुळीत ग्रॅनाइटवर बसतो आणि एखादे आजोबा घसरून पडतात.

देवळात आपण पादत्राणे बाहेरच काढतो, त्यामुळे प्रश्न मिटतो. बँकेत तसे करता येत नाही. म्हणून पायपुसणे हवे, आणि ते पुरेसे लांब हवे. माणसाचे एक पाऊल साधारण ६५ सेंटिमीटरचे धरा. चालण्याच्या दिशेने ४५ सेंटिमीटर रुंदीच्या पायपुसण्यावर फार तर एक पाय पडेल. दुसरा धुळीसकट थेट आत! दोन्ही पाय निदान दोनदा टेकायचे, तर चार पावले, म्हणजे सुमारे अडीच मीटर लांबी लागेल.

पण लांबीपेक्षा निगा महत्त्वाची. काथ्याच्या धाग्यांमध्ये पोकळ्या असतात आणि खरवडलेली धूळ त्यांत साठते. पोकळ्या भरल्या की पायपुसण्याचे काम उलटे सुरू होते. भरलेल्या पायपुसण्यावर धुतलेली चप्पल घासून पाहा, तळ मळलेला दिसेल. धूळ अडवण्यासाठी ठेवलेली वस्तूच धूळ वाटू लागते.

मग ते झाडायचे. दोरीवर टांगून काठीने बडवले, की पायपुसणे एकदम हलते आणि धूळकण जडत्वामुळे मागे राहून सुटतात, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेच असेल. पाठ्यपुस्तक पुढचे सांगत नाही. कणाचा व्यास दहावा हिस्सा झाला, तर त्याचे वस्तुमान हजारावा हिस्सा होते. धाग्याला चिकटून राहण्याचे बल मात्र ढोबळमानाने दहावा हिस्साच होते. म्हणून जाड वाळू सुटते आणि बारीक धूळ चिकटून राहते. ती काढायला पाणी हवे, किंवा १९०१ साली ह्यूबर्ट बूथ या इंग्रज अभियंत्याने केले तसे धूळ ओढून घेणारे यंत्र हवे. धुतलेले पायपुसणे पूर्ण वाळले पाहिजे, नाहीतर बुरशी धरते. एप्रिल-मेच्या उन्हात याची काळजी नाही. पावसाळ्यात मात्र दोन पायपुसणी आलटून पालटून वापरण्याला पर्याय नाही.

आता खरी अडचण. हे काम कोणाचे? सफाईवाल्या मावशी म्हणतात, माझ्याकडे फरशी; शिपाई म्हणतो, माझ्याकडे टपाल. शेवटी कोणीतरी दारातच ते चार वेळा आपटते. निम्मी धूळ वाऱ्याबरोबर आत येते आणि उरलेली आपटणाऱ्याच्या नाकात जाते. गारगोटीची अतिसूक्ष्म धूळ वर्षानुवर्षे श्वासातून जाणे फुप्फुसांना घातक असते. तेव्हा झाडायचे काम नेमून द्यावे, त्याला वेळ द्यावा, जागा दारापासून दूर असावी आणि झाडणाऱ्याला चांगला मास्क मिळावा. एवढे करायला फारसा पैसा लागत नाही.

शिक्षकांना एक विनंती. शाळेच्या दारातले पायपुसणे झाडण्यापूर्वी आणि झाडल्यानंतर वजन करायला लावा. झाडताना धूळ जुन्या चादरीवर गोळा करा आणि कागदात गुंडाळलेला लोहचुंबक तिच्यावरून फिरवा. काळे बारीक कण चिकटतील. ते बेसाल्टमधले मॅग्नेटाइट. झाडणारी मुले वाऱ्याकडे पाठ करून उभी राहतील हे पाहा. तराजू शाळेत नसेल, तर भाजीवाल्याकडून तासभर मागून आणला तरी चालेल.